पदराआडचं पान

माझी सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. भातकुली, मोर्शी, पुन्हा भातकुली आणि शेवटी अमरावती. शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, मी जितका चाललो असेन तितके त्या शेतांचे मालकही चालले नसतील. पण धुऱ्यावर उगवलेलं एक झाड मला धड नावानं ठाऊक असेल तर शपथ. माझ्या लेखी झाडं दोनच प्रकारची, मोजणीच्या आड येणारी आणि न येणारी. बोरी-बाभळी आड यायच्या, म्हणून तेवढ्या ओळखीच्या. बाकी सगळा हिरवा कचरा.

बायको मूर्तिजापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिचं नेमकं उलटं. स्कूटरवर मागे बसली की तिचं एक बोट सतत माझ्या खांद्यात टोचायचं. "थांबा, थांबा, थांबा!" थांबलो की ही उतरून सरळ नाल्यात. थोड्या वेळानं पदरात कसला तरी पाला घेऊन वर यायची.

"लोक म्हणतील, याईच्या घरी भाजी घ्याची सोय नाही," मी म्हणायचो.

"लोकाईले काय कळते," ती म्हणायची. मग घर येईपर्यंत त्या पाल्याचं नाव, त्याची चव, तो कशात घालायचा आणि कशात चुकूनही घालायचा नाही, हे सगळं माझी पाठ ऐकून घ्यायची. मी नुसता हुं हुं करायचो. डोक्यात काही राहायचं नाही.

यंदा उन्हाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात पोचलो, त्यामुळे हातपाय वाचले. उजवा हात थोडे दिवस जड होता, मग तोही वळणावर आला. गेले ते शब्द. डॉक्टरांनी मला बसवून समजावलं की तिला सगळं कळतं, माणसं कळतात, वस्तू कळतात, फक्त वस्तूचं नाव ओठापर्यंत पोचत नाही. चहा हवा असला की ती कपाकडे बघायची, ओठ हलवायची, खूप वेळ हलवायची, आणि मग म्हणायची, "जाऊ द्या." तेवढं एक वाक्य तिच्यापाशी शाबूत राहिलं होतं. भूक लागली तरी जाऊ द्या, पंखा हवा असला तरी जाऊ द्या, आणि माझा राग आला तरी तेच.

जिला उभ्या जन्मात शेकडो वेळा 'आता गप्प बस' म्हणालो असेन, तिचं एक सरळ वाक्य कानावर पडावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

तिला बोलायला शिकवायला एक मुलगी घरी येई. गुणाची पोर. सोबत चित्रांचे पुठ्ठे आणायची. सफरचंद, विमान, छत्री, हत्ती. पुठ्ठा समोर धरून विचारायची, "काकू, हे काय आहे?" काकू चित्राकडे बघायच्या, मग खिडकीकडे बघायच्या. जाताना ती मुलगी मला बाहेर फाटकाशी सांगायची की काका, हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, आत्ता शब्द परत आले तर आले, म्हणून त्यांना बोलतं ठेवा. ती गेली की मी तेच पुठ्ठे घेऊन बसायचो. माझा स्वभाव आधीच तिरसट, त्यात हे महिने वाया जातील ही भीती. सफरचंद दाखवताना माझा आवाज चढायचा, हे मला माझंच ऐकू यायचं. कॉलनीतल्या बाया भेटायला यायच्या त्या तिच्याशी मोठमोठ्यानं बोलायच्या, ती बहिरी झाल्यासारख्या. मग ती बाहेरच्या खोलीत यायचीच बंद झाली. बेल वाजली की आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची.

भादव्यात महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे गौरींसाठी, माझी साळी, हिची धाकटी बहीण, मूर्तिजापूरहून आली. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. एरवी त्यातल्या निम्म्या माझी बायको रानातून गोळा करायची. यंदा बाजारातून आणू म्हटलं तर साळीनं कंबरेवर हात ठेवले.

"भाऊजी, बाईले घेऊन चाला तळ्यावर. घरात बसवून बसवून तिचं लोणचं घालून राहिले काय तुमी?"

तर आम्ही तिघं छत्री तलावाच्या मागच्या अंगाला गेलो. तिथं पाण्याच्या कडेनं ओल असते आणि पुढं टेकडीवर पळस, धावडा असलं विरळ रान सुरू होतं. शेतातला पाला आता उचलायची सोय राहिलेली नाही. सोयाबीनवाले तणनाशक फवारतात, तेव्हा खाण्यासारखं जे काही रानटी उगवतं ते तळ्याकाठी नाहीतर रानात शोधावं लागतं. हिनं चपला काढल्या आणि चिखलात पाय ठेवला. किती तरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झालेला दिसला. मी लगेच एक रोपटं उपटून तिच्यासमोर धरलं.

"हे काय हाय, सांग?"

तिचा चेहरा पुन्हा पुठ्ठ्यांसमोर बसल्यासारखा झाला. ओठ हलले. डोळे भरून आले. "जाऊ द्या."

साळी माझ्यावर अशी उखडली की काठावरच्या टिटव्या उडाल्या. "काहून इचारता तिले सारखं? हे काय हाय अन् ते काय हाय! ती काय शाळेतली पोट्टी हाय का? तुमाले तरी येते काय सांगता?"

मला येत नव्हतं. मी हातातलं रोपटं खाली टाकलं.

आमचं भांडण चालू असताना ही पुढं सरकली होती. पाण्याशी वाकून तिनं काहीतरी खुडलं, मूठ पदराखाली झाकली, आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि भुवया उडवल्या. मला काही उमजेना. साळी मात्र टाळी वाजवून हसली.

"खिरापत! भाऊजी, खिरापत ओळखायची हाय!"

ज्यांनी आमच्या वऱ्हाडातली भुलाबाई पाहिली नाही त्यांना सांगतो. भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजीच्या मातीच्या मूर्ती बसतात त्या कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघर जाऊन त्यांच्यापुढे गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची खिरापत, म्हणजे खाऊ, झाकलेल्या डब्यात आणतात. डबा नुसता वाजवून दाखवायचा आणि मुलींनी ओळखायचं, गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं. घरच्या बाईनं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. मुलींनी 'हरलो' म्हटल्याशिवाय नाव सांगायचं नाही.

म्हणजे बघा. इतके दिवस आम्ही सगळे तिला विचारत होतो आणि ती नापास होत होती. आता तिनं पान पदराआड घेतलं होतं आणि परीक्षा आमची होती. तिला बोलायची गरजच नव्हती. मान हलवली की भागत होतं.

"पाण्यातलं का रानातलं?" साळीनं विचारलं. पाण्याकडे बोट. "भाजी का औषध?" हातानं घास तोंडाशी नेला. मग तिनं देठाचा तुकडा तेवढा दाखवला. आतून पोकळ होता. सोबत जांभळट फुलाचा एक चुरगळलेला कोपरा. साळी ओळखून गप्प बसली, मला संधी म्हणून. आणि मला तर खात्रीच होती. पोकळ दांडा, जांभळं कर्ण्यासारखं फूल, तळ्याचा काठ. तळ्यांच्या हद्दी मोजताना या झाडानं माझा जीव खाल्ला होता.

"बेशरम," मी म्हणालो.

तिनं जोरात मान हलवली. नाही.

मी हटलो नाही. चूक मान्य करणं आमच्या खात्यात कुणाला शिकवतच नाहीत. "बेशरमच हाय! मी का आज पाहून राहिलो? साऱ्या तळ्याच्या काठानं हेच असते. बकऱ्या बी तोंड लावत नाहीत त्याले, अन् तू म्हणते भाजी!"

तिचा चेहरा लाल झाला. पदर सुटला. तिनं ते पान माझ्या नाकासमोर नाचवलं.

"नाळी!" ती ओरडली. "नाळी!"

साळीनं तोंडावर हात ठेवला. हिला स्वतःलाच पटेना, ती पानाकडे बघत राहिली. नाळीची भाजी पाण्यावर तरंगत पसरते, पान बाणाच्या टोकासारखं आणि गुळगुळीत. बेशरम उभं वाढतं, त्याचं पान लांबट बदामी आणि ते विषारी. हा फरक मी आता झोपेतही सांगेन. त्या दिवशी एवढंच कळलं की माझी बायको एक शब्द बोलली आणि तो माझ्या अडाणीपणामुळे बोलली. मी आनंदानं चिखलात फतकल मारून बसलो.

घरी येऊन मी उत्साहानं नाळीची जुडी तिच्यासमोर धरली आणि विचारलं, हे काय? "जाऊ द्या," ती म्हणाली. सगळं मुसळ केरात.

पण मग आम्ही रोज सकाळी तळ्यावर जाऊ लागलो. साळी सणानंतर परत गेली, आम्ही दोघंच. ती पान झाकायची, मी ओळखायचो. काही दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी बरोबर ओळखलं की ती खूश होऊन मान डोलवायची, पण बोलायची नाही. मी अगदीच भलतं काही, म्हणजे पालक किंवा कोबी म्हणालो, की ती पोट धरून हसायची, पण बोलायची नाही. मात्र मी थोडक्यात चुकलो की तिला राहवायचं नाही. इतक्या जवळ येऊन हा माणूस पडतो म्हणजे काय! तिच्या कपाळावर आठी चढायची आणि त्या रागाच्या धक्क्यानं शब्द बाहेर पडायचा.

म्हणजे मला चुकायचं होतं, पण थोडक्यात. आणि थोडक्यात चुकायचं तर आधी बरोबर काय ते पक्कं माहीत असावं लागतं. म्हातारपणी असा अभ्यास मागे लागला. मोबाईलमधल्या झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपचा काही उपयोग झाला नाही. त्यानं आमच्या आघाड्याला कसलं तरी परदेशी बागेतलं फूल ठरवलं. त्यापेक्षा माझी मोजणी कामाला आली. दोन शेजाऱ्यांचं भांडण शेवटी हद्दीच्या एका दगडावर मिटतं, तशी दोन सारख्या झाडांमध्ये एखादी खूण असतेच. ती सापडेपर्यंत मी दुपारभर बसायचो. तरोट्याच्या पानाचं टोक बोथट, कासोद्याचं टोकदार. माक्याचा दांडा चुरगळला की बोटं काळी होतात, कंबरमोडीची होत नाहीत. घोळीचा दांडा लालसर, ब्राह्मीचा हिरवा, आणि ब्राह्मी जिभेला लावली की कडू.

मग सकाळी ती माका झाकायची, आणि मी पान हातात घेऊन, वास घेऊन, अगदी विचारात पडल्यासारखं करून म्हणायचो, "कंबरमोडी."

"माका! माका हाय!"

ब्राह्मीला मी घोळ म्हणालो. तरोट्याला कासोदा म्हणालो. टेकडीवर करटुलीच्या वेलाला तोंडली म्हणालो, तर तिनं करटुली तर म्हटलंच, वर "डोळे फुटले काय!" हेही म्हटलं. त्या दिवशी मी परतताना दूधवाल्यालाही विनाकारण नमस्कार केला. नाटकात मी कधी काम केलं नव्हतं, पण तळ्याकाठी मला चांगलंच जमत होतं. फक्त एक धास्ती होती. मी मुद्दाम चुकतो हे तिला कळलं की राग जाणार, आणि राग गेला की शब्दही जाणार. म्हणून मी कुणाजवळ बोललो नाही, साळीजवळही नाही.

शिकवणाऱ्या मुलीला मी खेळ तेवढा सांगितला, मुद्दाम चुकणं नाही. तिच्या पुठ्ठ्यांबाहेरचे हे शब्द ऐकून तिला नवल वाटलं. तिनं विमान आणि हत्ती बाजूला ठेवले. पण ती खरं तेच म्हणाली की काका, हे शब्द रागात येतात ते ठीक, पण त्यांना हवा तेव्हा, कुणी न डिवचता, एक तरी शब्द काढता आला पाहिजे. कुणाच्या चुकीवर किती दिवस बोलतील त्या?

तेच माझ्या मनाला लागून राहिलं. कारण घरात अजूनही जाऊ द्याच चालू होतं. मी उद्या नसलो तर हिच्यासमोर चुकणार कोण?

त्याच सुमारास केना आला. निळ्या फुलाचं हे तण, सोयाबीनवाले त्याच्या नावानं बोटं मोडतात. एका सकाळी तिनं ते झाकलं नाही. ओल्या मातीतून मुळासकट अलगद उपटलं आणि खालची बाजू माझ्यासमोर धरली. मुळांपाशी पांढऱ्या तंतूंना बारीक बारीक कळ्या होत्या. जमिनीच्या आत फुलं! त्यांना ऊन दिसत नाही आणि तरी त्यांना बी धरतं, हे मला नंतर कळलं. ती ते मला बोटानं दाखवत राहिली आणि हसत राहिली. मी चुकायचं विसरून गेलो. मातीतली फुलं मी पहिल्यांदा बघत होतो. माझ्या पायाखालून उभा जन्म गेली असणार.

पौर्णिमेपासून कॉलनीत भुलाबाई बसली होती. एका संध्याकाळी मुली आमच्या घरासमोर गात होत्या तेव्हा आतून आवाज आला. ही पलंगावर बसून त्यांच्यासोबत गात होती, सगळे शब्द, एक न चुकता. शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं की असं होतं, गाण्याची वाट डोक्यात वेगळी असते. दुसऱ्या दिवशीपासून ती बाहेर ओट्यावर येऊन गाऊ लागली. मुली तिच्याभोवती बसायच्या. आणि कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळची खिरापत आमच्या घरी असं त्यांनी तिच्याकडून मान हलवून कबूल करून घेतलं.

मला ते कळलं आणि मी लगेच हिशेब मांडला. मुलींनी ओळखलं तर ठीक. पण त्या हरल्या तर नाव घरच्या बाईनं सांगायचं असतं.

"पेढे ठेवू," मी म्हणालो. "लगेच ओळखतील." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पेढ्यांचा विषय सोडला. सकाळी तळ्याकाठून तिनं केन्याची कोवळी पानं आणली, दुपारी धुऊन पुसली, आणि संध्याकाळी बेसनात बुडवून भजी तळली. साळी मुद्दाम मूर्तिजापूरहून आली होती. मीठ-मिरची कुणी घालायची यावरून दोघींची झटापट झाली, आणि मला ते ऐकून बरं वाटलं.

मुली आल्या. गाणी झाली. भजी डब्यात घालून तिनं डबा वाजवला. "तिखट!" हो. "तळलेलं!" हो. "भजी!" हो, पण कशाची? तिनं झाकण थोडं उघडून एक भजं दाखवलं. पालक? नाही. ओवा? नाही. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात? नाही, नाही, नाही. मुलींची बाजारातली भाजी संपली. एकमेकींकडे बघून त्या एका सुरात ओरडल्या, "हरलो! काकू, सांगा!"

ती उभी राहिली. ओठ हलले. "क..." एवढं आलं आणि थांबलं. मुली तोंडं वर करून बघत होत्या. एक छोटी म्हणाली, "सांगा ना काकू." साळीनं माझ्याकडे बघितलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात तयार होतो. माझी चूक मी दुपारीच शोधून ठेवली होती. मायाळू. तीही अशीच जरा चिकट लागते, तिचीही भजी करतात. हिला हमखास राग येईल. मी घसा साफ केला, "मा..."

तिनं बेसनाचा हात माझ्याकडे वर केला. थांबा. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. डोळे मिटले, आणि मग मुलींकडे बघून, हळू, नीट, म्हणाली,

"केना. केन्याची भजी हायेत."

"केना म्हणजे काय काकू?" "ते निळं फूल?" "ते तर तण असतं, माझे आजोबा उपटून फेकतात!" एकच कल्ला झाला. डबा फिरला. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. रागानं नाही.

"अन् तुमी," ती म्हणाली, एकेक शब्द जोडत, "तुमाले सारं मालूम हाय. कवाचंच."

माझे कान तापले. म्हणजे सगळा महिना ही माझं नाटक बघत होती. माका, ब्राह्मी, तरोटा, करटुली, सगळं. तिला कळलं तर शब्द जातील म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि तिला कळून जमाना झाला होता. तरी शब्द येत होते. मला तिथंच, सगळ्या मुलींसमोर रडू यायला लागलं. ते दिसू नये म्हणून मी डब्यातलं एक भजं उचललं आणि तोंडात कोंबलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मीठ कमी हाय," मी म्हणालो.

"जाऊ द्या," ती म्हणाली. या वेळी तिला तेच म्हणायचं होतं.